दिवा फिरता हवा

शिकागोच्या पश्चिमेला ऑरोराजवळ आमचं घर आहे. बेसमेंटच्या एका भिंतीला फळ्या मारून घेतल्या आहेत आणि त्यांवर जुने फिरते दिवे मांडले आहेत: पोलिसांच्या गाड्यांच्या टपावरचे, आगीच्या बंबांवरचे, रुग्णवाहिकांचे, आणि बर्फ हटवणाऱ्या गाड्यांवरचे पिवळे. बहुतेक १९५० ते १९८० या काळातले. पेशाने मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, त्यामुळे वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. हे दिवे शोधताना, उघडताना आणि पुन्हा चालू करताना जे कळलं ते इथे लिहिते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही, फक्त पहिला मुद्दा पहिल्याच जागेचा आहे.

१. विझलेल्या दिव्याची किंमत करू नये

फळीवर नुसता ठेवलेला फिरता दिवाही देखणा असतो. लाल घुमट, खाली क्रोमचं कडं, त्याखाली जाड पत्र्याचा पाया. पण ज्यासाठी तो केला ते सगळं त्याच्या फिरण्यात आहे. म्हणून विकणाऱ्याला मी पहिलं हेच विचारते: चालू करून दाखवता का? जमत नसेल तर निदान हाताने तबकडी फिरवून बघते. फिरणं अडखळतं का, कुठे घासतं का, सोडल्यावर लगेच थांबतं की थोडं पुढे जातं, एवढ्यावरून आतल्या गिअरची प्रकृती कळते.

शिकागोच्या फेडरल साइन अँड सिग्नल कंपनीने १९४८ साली ‘बीकन रे’ नावाचा दिवा बाजारात आणला. ही कंपनी १९०१ पासूनची, मूळची दुकानांसाठी विजेच्या पाट्या करणारी. लोकांची नजर आपल्याकडे कशी वळवायची हाच तिचा धंदा. बीकन रेच्या आधी पोलिसांच्या आणि बंबांच्या गाड्यांवर लाल दिवे होतेच, पण बहुतेक एकाच दिशेला तोंड करून जळणारे किंवा उघडझाप करणारे. समोरच्याला दिसायचे, बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला नाही. बीकन रेमध्ये दिवेच एका तबकडीवर बसवले आणि ती तबकडी मोटरने फिरवली. गाडीभोवतीची एकही दिशा प्रकाशावाचून राहिली नाही.

याचं गणित सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. तबकडीवर चार दिवे असतील आणि ती मिनिटाला ४५ फेऱ्या घेत असेल, तर रस्त्यावर उभ्या माणसाला मिनिटाला १८० झोत दिसतात. दिवा एकच असेल तर तेवढेच झोत दाखवायला मोटरला मिनिटाला १८० फेऱ्या घ्याव्या लागतील, आणि प्रत्येक झोत डोळ्यावरून चौपट झपकन निघून जाईल. युरोपातला नियम सेकंदाला दोन ते चार झोत सांगतो. त्याहून कमी असेल तर घाई जाणवत नाही, फार जास्त असेल तर डोळ्याला नुसती थरथर वाटते. जुन्या कारागिरांनी दिव्यांची संख्या आणि मोटरचा वेग यांचा मेळ घालून हा पट्टा गाठला होता.

आणखी एक गोष्ट फक्त फिरत्या दिव्यातच मिळते. झोत अचानक उमटत नाही, तो येतो. आधी शेजारच्या भिंतीवर, मग तुमच्या अंगावर, मग पुढच्या दुकानाच्या काचेवर. चौकात उभं असताना बंब अजून कोपऱ्याआड असतो, पण समोरच्या इमारतीवरून लाल पट्टा सरकायला लागलेला असतो. गाडी कुठल्या बाजूने येते आहे हे ती दिसण्याआधी कळतं. आजचे एलईडी दिवे जास्त प्रखर आहेत, वीज कमी खातात, वर्षानुवर्षं टिकतात. आज रुग्णवाहिकेवर काय लावावं असं कुणी विचारलं तर मी एलईडीच सांगेन. पण त्यांचे लखलखाट जागच्या जागी होतात. सरकत येणाऱ्या प्रकाशातून जे उमगतं ते त्यांच्यात मला सापडलेलं नाही.

२. आत नेमकं काय फिरतं ते आधी ओळखावं

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दिव्यांची आत दोन घराणी आहेत.

पहिल्यात दिवाच फिरतो. बीकन रेसारख्या अमेरिकन दिव्यांमध्ये सील्ड बीम असतात, म्हणजे तार, आरसा आणि पुढची काच एकाच बंद भांड्यात. त्यांच्या नावात मापही असतं. ‘पार ४६’ मधला ४६ हा आकडा इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला व्यास आहे, म्हणजे पावणेसहा इंच. ‘पार ३६’ म्हणजे साडेचार इंच. हे एकदा ध्यानात आलं की जुन्या दिव्यात कुठला बल्ब बसेल ते पट्टी लावून सांगता येतं. ४४१६ क्रमांकाचा ३० वॅटचा सील्ड बीम वर्षानुवर्षं या कामात वापरला गेला. एवढ्याशा विजेचा प्रकाश आरशाने अरुंद झोतात गोळा केला की समोरून बघणाऱ्याला तो हजारो कँडेलांचा दिसतो. उघड्या बल्बला हे साधत नाही.

दिवाच फिरतो म्हटल्यावर एक अडचण येते: फिरणाऱ्या वस्तूला वीज द्यायची कशी? तारा जोडल्या तर दोन फेऱ्यांत पीळ बसून तुटतील. म्हणून तबकडीखाली तांब्या-पितळेची कडी असते आणि तिच्यावर टेकलेला ब्रश. कडी फिरते, ब्रश घासत राहतो, वीज पोचत राहते. जुन्या दिव्याचं दुखणं दहातल्या आठ वेळा इथेच असतं. कडी काळी पडलेली असते, ब्रश झिजून बुंध्याला आलेला असतो. कडी पेन्सिलच्या खोडरबराने साफ करावी. सँडपेपर लावला की तिच्यावर चरे पडतात आणि तेच चरे पुढे ब्रश खातात.

दुसऱ्या घराण्यात बल्ब मध्यभागी स्थिर असतो आणि त्याच्याभोवती आरसा फिरतो. विजेचा प्रश्नच उरत नाही, फिरवायचं वजन कमी, मोटर लहान. जर्मनीतले आइजमान, बॉश आणि हेला यांचे दिवे असे. मला त्यांच्या बांधणीतला संयम आवडतो, जास्तीचा एक स्क्रू नसतो. मात्र त्यांच्या आरशाला बोट लावू नये. त्यावरचा चमकदार थर इतका पातळ असतो की मऊ फडक्यानेही निघून येतो. धूळ फुंकणीने उडवावी आणि तेवढ्यावर समाधान मानावं.

काही दिव्यांत आरशाऐवजी वळ्यावळ्यांची भिंगं असतात. ही युक्ती ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याची. जाड भिंगाचा आतला निरुपयोगी भाग काढून टाकून त्याने भिंग कड्यांच्या रूपात मांडलं आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआँ दीपगृहात ते लागलं. जुनी दीपगृहं आपल्याकडेही आहेत: मुंबईत कुलाब्याच्या टोकाला समुद्रात उभं असलेलं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं आहे. टपावरचा दिवा या दीपगृहांच्याच वंशातला. फरक एवढाच की दीपगृहाकडे पाहून जहाज आपला मार्ग ठरवतं, आणि इथे दिवाच मार्ग मागत निघालेला असतो.

३. सहा की बारा?

अमेरिकन गाड्यांमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सहा व्होल्टची बॅटरी सर्रास होती, मग बारा व्होल्ट आले. त्यामुळे जुना दिवा हाती आला की पायाखालची पट्टी वाचावी. पट्टी गेली असेल तर बल्बवरचा आकडा वाचावा. सहा व्होल्टच्या दिव्याला बारा दिले की बल्ब क्षणभर पांढराशुभ्र होतो आणि जातो, आणि मोटर नको त्या वेगाने पळते. माझ्याकडे टेबलावर ठेवायचा पॉवर सप्लाय आहे, त्यावर करंटची मर्यादा बांधता येते. बल्ब काढून आधी फक्त मोटर लावते आणि अॅम्पिअर बघते. आकडा फार चढला तर समजायचं, आतलं ग्रीस जुन्या मेणासारखं घट्ट झालंय. ते सगळं काढून, गिअर धुऊन, नवं ग्रीस भरेपर्यंत पुढे जायचं नाही. कापडी वेष्टणाच्या तारा दिसल्या तर त्या बदलाव्यातच. वेष्टणाचा भुगा होत असतो. आणि फ्यूज हवाच. ३० वॅटचे चार बल्ब बारा व्होल्टवर दहा अॅम्पिअर घेतात, ही खेळण्यातली वीज नव्हे.

४. घुमट पुसण्याआधी तो कशाचा आहे ते पाहावं

सुरुवातीचे घुमट खऱ्या काचेचे, नंतरचे प्लास्टिकचे. नखाने हलकं टिचकवलं की आवाजावरून कळतं. काच साध्या साबणाच्या पाण्याने धुता येते. प्लास्टिकचं तसं नाही. अॅक्रिलिकच्या घुमटाला नेलपॉलिश काढायचं द्रावण, स्पिरिट किंवा खिडक्या पुसायचा अमोनियाचा फवारा लागला की त्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं, कधीकधी काही दिवसांनी. मग प्रकाश त्या भेगांमध्ये विखुरतो आणि झोताची धार जाते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, सुती फडकं. बास.

ऊन हा प्लास्टिकचा खरा शत्रू. लाल रंग फिका होत गुलाबीकडे झुकतो, पॉलिकार्बोनेट पिवळट पडतं. माझी मांडणी बेसमेंटमध्ये आहे ती म्हणूनच, खिडकीत नाही. पाहुण्यांना दिवे दाखवायला जिना उतरावा लागतो, पण पन्नास वर्षं टिकलेला लाल रंग पुढची पन्नास वर्षं टिकावा असं मला मनापासून वाटतं.

५. रंग कुणी ठरवला ते विचारावं

नवे संग्राहक रंग बघून दिवे घेतात. मीही घेते. पण प्रत्येक रंगामागे कुणाचा तरी निर्णय असतो आणि तो कळला की वस्तू वेगळी दिसायला लागते.

जर्मनीत आपत्कालीन गाड्यांना निळा दिवा १९३८ मध्ये नियमाने आला. युद्ध तोंडावर होतं. युद्धकाळातल्या दिवेबंदीत उंचावरच्या विमानातून निळा प्रकाश कमी दिसतो हे त्याचं कारण सांगितलं जातं. युद्ध संपलं, निळा राहिला, आणि युरोपच्या बऱ्याच भागात पसरला. जपानमध्ये पोलिसांचाही दिवा लाल. अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळं; एका राज्यात पोलिसांचा असलेला रंग शेजारच्या राज्यात स्वयंसेवक अग्निशामकाच्या खासगी गाडीवर दिसतो. शिकागो पोलीस निळे दिवे लावतात.

शिकागोच्या बंबांवर मात्र एक हिरवा दिवाही असतो. नव्याने आलेल्या माणसाला तो चुकून बसवल्यासारखा वाटतो. १९२० च्या दशकात आल्बर्ट गुडरिच हे इथले अग्निशमन आयुक्त होते. त्यांच्या घराण्याचा जहाजांचा व्यवसाय. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, हा समुद्रावरचा नियम त्यांनी बंबांना लावला. गुडरिच गेले, बंब कितीदा बदलले, हिरवा राहिला. इथल्या अग्निशमन केंद्रांच्या दारावरही एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा दिसतो. माझ्याकडे एक हिरव्या घुमटाचा दिवा आहे. तो शिकागोचाच आहे असा पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून मी तसं सांगत नाही. पण कुणी घरी आलं की ही गोष्ट त्या दिव्यासमोर उभी राहूनच सांगते.

रंगाचा डोळ्याशीही संबंध आहे. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं की संध्याकाळ होत जाते तसे लाल रंग आधी मावळतात आणि निळे उजळ वाटतात. आपल्या अंगणात हे कुणीही पाहू शकतं: तिन्हीसांजेला लाल जास्वंद काळपट होते आणि निळी गोकर्ण उठून दिसते. म्हणजे अंधारात डोळा निळ्याला जास्त दाद देतो. पण जुन्या बल्बच्या प्रकाशात निळा मुळातच कमी. तापलेली तार पिवळा-तांबडा प्रकाश आणि उष्णताच जास्त देते. निळ्या घुमटातून त्यातला अगदी थोडा बाहेर पडतो, लाल घुमटातून बराच. जुना निळा दिवा दिवसाउजेडी इतका मलूल का दिसतो याचं उत्तर हे आहे. ही अडचण सुटली ती १९९० च्या दशकात प्रखर निळा एलईडी तयार झाल्यावर, ज्यासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या निळ्या दिव्याकडे बघताना डोळे दिपतात, ते त्या शोधामुळे.

६. आपल्याकडचा लाल दिवा वेगळा ठेवावा

माझ्या संग्रहात एक दिवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला आहे. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि माहेरी गेले की तिथे एक फेरी ठरलेली. लोखंडी नळ, घड्याळांचे डबे, रेडिओ यांच्या मध्ये पथारीवर तो पडला होता. प्लास्टिकचा लाल घुमट, खाली लोहचुंबक, सिगरेट लायटरच्या भोकात घालायची पिन. आत एक बल्ब आणि त्याभोवती फिरणारा साधा आरसा. कारागिरीच्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही. विकणारे काका म्हणाले, “ताई, हा आता कुणी लावत नाही. न्या, शोभेला होईल.” मी घासाघीस न करता घेतला.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला लाल दिवा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मंत्र्यांची गाडी, महामंडळाच्या अध्यक्षाची गाडी, पुढे-मागे धावणारा ताफा. कुणाला मंत्रिपद मिळालं की गावात बोलायचे ते लाल दिव्याबद्दलच. लोक थांबायचे, पण वाट देण्याची ती तऱ्हा वेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये या दिव्यांच्या वापराला लगाम घातला. १९ एप्रिल २०१७ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून, म्हणजे महाराष्ट्र दिनापासून, पदामुळे मिळणारा दिवा देशभर बंद झाला. पंतप्रधान आणि राष्ट्रपतींपासून सगळ्यांच्या गाड्यांवरून दिवे उतरले. रुग्णवाहिका, बंब, पोलीस अशा तातडीच्या सेवांचे राहिले.

मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो आणि त्याचं कारण या छंदातूनच कळलं. फिरता दिवा ही एक विनंती आहे, आणि ती नेहमी तिसऱ्या माणसासाठी असते. गाडीत झोपवलेल्या रुग्णासाठी, जळत्या घरात अडकलेल्यासाठी. आत बसलेल्या माणसाच्या मानासाठी ती विनंती रोज वापरली गेली की रस्त्यावरच्या लोकांची तिच्यावरची श्रद्धा झिजते. झिजली की त्याची किंमत मोजते ती मागून येणारी रुग्णवाहिका. बेसमेंटमध्ये हा पुण्याचा दिवा मी बंबांच्या रांगेत ठेवलेला नाही. तो एकटा, वेगळ्या फळीवर आहे, आणि शेजारच्या कागदावर दोन तारखा लिहिल्या आहेत.

भारतात हे दिवे जमवायला हरकत नाही, जमवावेतच. अगदी साध्या गाडीवरचा, फुटक्या घुमटाचाही. काही वर्षांत ते भंगारात वितळून जातील आणि एका सवयीचा एकमेव ठोस पुरावा नाहीसा होईल. एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयाने दहा-बारा दिवे त्यांच्या गाड्यांच्या माहितीसह मांडले तर शाळकरी मुलांना नागरिकशास्त्राचा तो एक तास पुरेल.

७. चकचकीत करण्याचा मोह आवरावा

क्रोम पुन्हा चढवलेला, नव्या रंगाचा, आरशासारखा लखलखीत दिवा बाजारात जास्त पैसे मिळवतो. मला तो घ्यावासा वाटत नाही. पायाच्या पत्र्यावर पांढऱ्याखाली काळा आणि काळ्याखाली लाल रंग दिसला की कळतं, हा आधी बंबावर होता आणि नंतर दुसऱ्या गाडीवर गेला. जास्तीची दोन भोकं असतील तर ती कुणीतरी नव्या टपावर बसवताना पाडली. विभागाने चिकटवलेला क्रमांक, आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली दुरुस्तीची तारीख, बदललेला एक वेगळाच स्क्रू. हे सगळं एकदा वाळूच्या माऱ्याखाली गेलं की परत येत नाही.

माझी वाटणी साधी आहे. जे फिरतं, वीज वाहतं किंवा गरम होतं ते सगळं दुरुस्त करायचं, लागेल तो भाग नवा घालायचा. जे नुसतं दिसतं ते आहे तसं ठेवायचं. गंज पुढे सरकू नये म्हणून तेलाचा पातळ हात, तेवढाच. काढलेला जुना ब्रश किंवा वॉशर फेकायचा नाही; पाकिटात घालून त्याच दिव्याच्या पायात ठेवायचा.

८. ज्यांनी हे दिवे लावले त्यांना विचारावं

पुस्तकी माहिती कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकांत मिळते आणि ती लागतेच. पण दिवा वापरात कसा होता ते माणसांकडूनच कळतं. अमेरिकेत जुन्या मोटर-बंबांच्या जतनासाठी १९५८ पासून काम करणारी एक संस्था आहे, तिचे सभासद उन्हाळ्यात आपापले बंब घेऊन जमतात. ऑरोरात १८९४ च्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. अशा ठिकाणी निवृत्त मेकॅनिक भेटतात आणि हातातला दिवा बघून थांबतात.

अशाच एका आजोबांनी मला विचारलं, “यातले दोन बल्ब किंचित वर तोंड करून का आहेत, ठाऊक आहे?” मला वाटत होतं पकड सैल झाली असावी. ते म्हणाले, “मुद्दाम आहेत. आमच्याकडे चढउतार होते. सरळ झोत चढावर जमिनीत जातो आणि उतारावर ट्रकवाल्याच्या टपावरून. म्हणून दोन सरळ, दोन वर.” त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या वहीत कोन आखून दिला. मी वाचलेल्या माहितीपत्रकांत ते वाक्य नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून राहिले. रात्रपाळीत ब्रश बदलताना बोटं कशी गारठायची, बर्फ घुमटावर साचला की बल्बच्या उष्णतेनेच तो वितळायचा, हे त्यांनी सांगितलं. एलईडी थंड असतो, त्यावर बर्फ बसून राहतो, ही त्यांची तक्रार होती. अशी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जावं आणि लवकर जावं.

९. रस्त्यावर झाकून न्यावा

जुन्या पोलीस गाड्या जमवणारे लोक त्या प्रदर्शनाला नेताना टपावरचे दिवे कापडाने झाकतात. ही पद्धत प्रत्येकाने पाळावी. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम कडक आहेत, भारतात तर मोटार वाहन नियमांनी खासगी गाडीवर असा दिवा लावताच येत नाही. दिवा बाळगणं वेगळं, टपावर पेटवून फिरणं वेगळं. मी माझे दिवे फक्त बेसमेंटमध्ये किंवा संग्रहालयाच्या अंगणात चालू करते. सहाव्या मुद्द्यात जे लिहिलं ते मलाही लागू आहे.

१०. दिव्यांची नाती शोधत राहावं

डिट्झ हे नाव मला आधी कंदिलांमुळे माहीत होतं. १८४० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही कंदिलांची कंपनी. तिचे वादळी कंदील जगभर गेले. वर कडी, बाजूला हवा नेणाऱ्या दोन नळ्या, मध्ये काच, अशा घडणीचा कंदील आमच्या सातारच्या घरी माजघरात टांगलेला असायचा. याच कंपनीने पुढे गाड्यांच्या टपावरचे फिरते दिवेही केले. पहिल्यांदा तिचं नाव फिरत्या दिव्याच्या पायावर कोरलेलं वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाऱ्यात ज्योत विझू न देण्याची विद्या असलेल्या लोकांनी शतकभराने पाऊस आणि बर्फ झेलत फिरणारा दिवा केला, यात मला एक सरळ ओळ दिसते.

तशीच एक ओळ रेल्वेकडून येते. शिकागोच्याच मार्स कंपनीचा दिवा गोल फिरत नाही, तो इंग्रजी आठच्या आकड्यात झोत हलवतो. १९३० च्या दशकात तो रेल्वे इंजिनांवर लागला आणि बंबांच्या तोंडावरही. फाटकाजवळ उभ्या माणसाला स्थिर दिवा किती लांब आहे ते कळत नाही, हलणारा झोत मात्र तो पाहतोच. त्याची यंत्रणा बीकन रेपेक्षा अवघड आहे, अनेक दांडे आणि सांधे, आणि प्रत्येक सांध्यात थोडी झीज. माझ्याकडच्या मार्सच्या दिव्याचा आठ सध्या एका बाजूला चपटा पडतो. कुठला सांधा सैल आहे ते सापडलं आहे, पण त्यात बसणारी पितळी बुश कुठेच मिळत नाही. एका ओळखीच्या टर्नरला माप देऊन ठेवलं आहे. जुनी बुश नमुन्याला हवी होती, ती दिली, आणि परत पाकिटात घालून द्यायला सांगितली आहे.